सोनार आणि शरदातलं पाणी: भाच्यास पत्र

पवनी, आश्विन वद्य

प्रिय बाबू,

दिवाळीला येताना मासा शोधायचं सोनार यंत्र आणतोस आणि अमेरिकेतले लोक क्रॅपी मासा जिगनं धरतात तसं गोसीखुर्द धरणाच्या बुडीतात करून पाहायचं म्हणतोस. जरूर ये. पण यंत्र पाण्यात सोडण्याआधी काही गोष्टी समजून घे, म्हणून सविस्तर लिहितो.

क्रॅपी आपल्याकडे नाही. तो उत्तर अमेरिकेतला मासा. अंगानं चपटा, तोंडाची कातडी इतकी पातळ की हिसका दिला तर फाटते. बुडालेल्या झाडांच्या फांद्यांत तो थव्यानं उभा राहतो आणि वरून जाणारं भक्ष्य टिपतो. म्हणून ते लोक शिशाच्या डोक्याचा, पिसाचा किंवा रबराचा लहान गळ, म्हणजेच जिग, माशाच्या थोडा वर धरतात आणि अगदी हळू हलवतात. मासा बरेचदा गळ खाली उतरताना घेतो. हाताला झटका लागत नाही, फक्त दोरी ढिली पडते. त्या ढिलाईकडे लक्ष ठेवायची सवय मात्र इथंही कामाला येईल.

आपल्या पाण्यात तसा थवा पडद्यावर दिसला, तर तो कतला-रोहूचा असण्याचा संभव मोठा. कतला वरच्या थरातलं बारीक खाणं गाळून खातो, मृगळ तळाचा गाळ चाळतो. त्यांच्यापुढं जिग नाचवून हाती काही लागायचं नाही. उलट गळ पोटात, कल्ल्यात रुतून मासा जखमी होईल. ते करू नकोस. जिगवर येणारे मासे म्हणजे शिवडा, शिंगाळा, मरळ. त्यातला मरळ उथळ, गवताळ पाण्यात राहतो आणि दम घ्यायला वर येतो, त्याच्यासाठी सोनार नको, डोळे हवेत. पावसाळ्यात तांबड्या पिल्लांचा घोळका पाण्यावर फिरताना दिसला तर खाली आई-बाप राखण करत असतात. तेव्हा त्यांच्यावर कधीच गळ टाकायचा नाही. ते दोघे गेले की घोळका इतर माशांच्या तोंडी जातो.

आता यंत्राबद्दल. सोनार मासा दाखवत नाही, आवाज परत यायला किती वेळ लागला ते दाखवतो. पाण्यात आवाज सेकंदाला साधारण 1,480 मीटर जातो. माशाच्या पोटातल्या हवेच्या पिशवीवरून तो सगळ्यात जास्त परततो. नेहमीच्या यंत्रात पडद्याची उजवी कड म्हणजे आत्ताचं, बाकी सगळं होऊन गेलेलं. डावीकडं कमान दिसली म्हणून तिथं गळ सोडशील, तर मासा केव्हाच निघून गेलेला असेल. आणखी एक: आवाज खाली जाताना पसरतो. 20 अंशांचा झोत 10 मीटर खोलीवर जवळजवळ साडेतीन मीटर रुंद होतो. म्हणजे दिसलेला मासा डोंग्याच्या अगदी खालीच आहे असं नाही.

2018 पासून बाजारात आलेले लाइव्ह सोनार मासा हलताना दाखवतात. तू तसलाच घेतला असशील. तरी माझं ऐक, पहिले काही दिवस माशाकडं बघूच नकोस. तळ बघ. जाड, ठळक रेघ म्हणजे खडक किंवा कडक मुरूम. फिकी, पसरट रेघ म्हणजे गाळ. जुन्या वैनगंगेचं पात्र कुठं खोल उतरतं, वाळलेली झाडं कुठं उभी आहेत, बुडालेल्या गावांचे रस्ते कुठून जातात, हे वहीत उतरव. 1988 साली या धरणाची पायाभरणी झाली. त्याच्या पोटात आज जे पाणी आहे, त्याखाली लोकांची शेतं आणि घरं आहेत. ज्यांची गावं गेली अशी म्हातारी माणसं अजून आहेत. त्यांना विचार, ती तुला तळाचा नकाशा तोंडी सांगतील. माशाला अडोसा तिथंच सापडतो.

शरदातलं पाणी उन्हाळ्यातल्यासारखं नसतं. दिवसा वरचा थर तापतो, हलका होतो, खालचा थर गार राहतो आणि खोल, शांत जागी तिथं प्राणवायू कमी पडतो. मग मासा मधल्या खोलीवर राहतो, तळाशी नाही. पडद्यावर एका खोलीखाली काहीच दिसत नसेल तर हे कारण असू शकतं. रात्री गार व्हायला लागल्या की वरचं पाणी जड होऊन खाली उतरतं, थर मोडतात, आणि मासा कुठल्याही खोलीवर सापडू लागतो. उथळ, वाऱ्यावरच्या भागात असे थर टिकतच नाहीत. म्हणून एका जागेचा अनुभव दुसऱ्या जागेला लावू नकोस.

आता मला जे सगळ्यात जास्त सांगायचं आहे ते. पुढं पाणी उतरू लागलं की मासा डोहात गोळा होतो. आपल्या ढिवर लोकांना डोह ठाऊक असतात, पण जाळं टाकलं तरी आत काय आहे याचा अंदाजच असतो, आणि तेवढा मासा वाचतो. तुझ्या पडद्यावर डोह उघडा पडेल. अमेरिकेतही थंडीतल्या क्रॅपीच्या थव्यांवर लाइव्ह सोनार वापरावा की नाही यावर वाद चालू आहे. शिवाय क्रॅपी खूप खोलातून वर ओढला की त्याच्या हवेच्या पिशवीतली हवा फुगते, आणि सोडून दिला तरी तो बहुधा जगत नाही. आपल्या शिवड्या-शिंगाळ्याच्या पिशवीला घशाकडं वाट असते, म्हणून ते थोडे सावरतात, पण हळू ओढलास तरच. डोह सापडला तर घरच्या जेवणापुरते घे आणि जागा कुणाला सांगू नकोस. फोटो टाकलास तरी मागचा किनारा दिसू देऊ नकोस. दुसऱ्या दिवशी तिथं चार जाळी लागतील.

जलाशयाचा मासेमारीचा ठेका असतो. आधी ठेका घेतलेल्या मच्छीमार संस्थेच्या लोकांना भेट, परवानगी घे, मगच गळ सोड. बीज त्यांनी सोडलेलं असतं, वर्षभराचं पोट त्यावर असतं. मी तुझ्याबरोबर येईन.

लाइफ जॅकेट घेऊन ये, पोहता येतं म्हणून टाळू नकोस. पाण्याखालच्या खुंटांवर डोंगा उलटतो. सध्या हलक्या धानाची कापणी चालू आहे, डोंगेवाले दिवसभर शेतात असतात. कुठल्या दिवशी येतोस ते आठवडाभर आधी कळव, म्हणजे एकाला सांगून ठेवतो. ताईला नमस्कार सांग.

तुझा,
मामा