फारकतीचा कागद

आमच्या बीड जिल्ह्यात ‘फारकत झाली’ असे सहज बोलले जाते. चार पंच बसतात, बाँडवर दोघांचे अंगठे उमटतात आणि मुलगी माहेरी येते. या कागदाला कायद्यात किंमत किती?

१९५५ च्या हिंदू विवाह कायद्याचे कलम २९ रूढीने होणारा घटस्फोट मान्य करते खरे. परंतु आपल्या समाजात तशी रूढी पूर्वापार आहे, हे न्यायालयात सिद्ध करावे लागते. ते न जमल्यास लग्न कायमच! अशा वेळी कागदातील ‘आम्ही राजीखुशीने विभक्त राहत आहोत’ हे वाक्य मला सर्वांत घातक वाटते. परस्परसंमतीने वेगळ्या राहणाऱ्या पत्नीस पोटगी नाही, असे नागरिक सुरक्षा संहितेचे कलम १४४ सांगते. नवऱ्याचा वकील नेमके तेथेच बोट ठेवतो.

वास्तविक संमतीच्या घटस्फोटाची तरतूद १९७६ पासून कायद्यातच आहे. सासर पुण्याकडे असले तरी, २००३ च्या दुरुस्तीमुळे, माहेरी राहणाऱ्या पत्नीला बीडलाच अर्ज करता येतो. राहता राहिली वकिलाची फी. १९८७ च्या विधी सेवा प्राधिकरण कायद्यानुसार स्त्रीला, उत्पन्न कितीही असो, मोफत वकील मिळतो. त्यासाठी जिल्हा न्यायालयातील विधी सेवा प्राधिकरणाकडे अर्ज करावयाचा. जाताना लग्नपत्रिका, लग्नातले फोटो आणि तो बाँडही सोबत न्यावा.