दुखणे गुडघ्यात, मूळ खुब्यात

गुडघा सुजला तर आईला तो दिसतो. मनगट लाल झाले तर शाळेतल्या बाईंच्याही ते लक्षात येते. खुब्याचा सांधा मात्र जाड स्नायूंच्या आवरणाखाली इतका खोल असतो की त्यात पाणी भरले, अस्तराला सूज आली किंवा हाडाच्या गोळ्याचा रक्तपुरवठा तुटला, तरी बाहेरून काहीच कळत नाही. म्हणूनच दीर्घकाळ निदानाविना राहणाऱ्या दुखण्यांत खुब्याच्या दुखण्याचे स्थान वरचे आहे. महिनोन्महिने पाय दुखतो, एक्स-रे ‘नॉर्मल’ येतो, रक्ताचे अहवाल ठीक असतात, डॉक्टर बदलतात आणि अखेर घरातलेच कोणीतरी म्हणते, “शाळा चुकवायची म्हणून सोंग करतो आहे.”

‘निदान झालेले नाही’ आणि ‘आजार नाही’ ही दोन वेगळी विधाने आहेत. या दोहोंतील अंतर डॉक्टरांनी आणि पालकांनी कसे जपावे, हा प्रस्तुत लेखाचा विषय आहे. लेखातील बहुतेक विवेचन मुलांविषयी आहे. परंतु त्यातील तत्त्वे मोठ्यांनाही तितकीच लागू पडतात.

शब्दांचा घोटाळा

‘खुबा’ हा चांगला मराठी शब्द आहे. पण तो आपल्या तोंडी येतो तो बहुधा घरातल्या आजीचे हाड मोडल्यावर. कोणतेही मूल “खुबा दुखतो” असे म्हणत नाही. ते “पाय दुखतो” म्हणते, फार तर “मांडी भरून येते” म्हणते. त्यात इंदूरसारख्या दुभाषी शहरात आणखी एक अडचण उभी राहते. आपल्या घरांत ‘जांघ’ म्हणजे मांडी आणि ओटीपोट यांमधील घडी. हिंदीत ‘जाँघ’ म्हणजे संपूर्ण मांडी. हिंदीतला ‘कूल्हा’ खुब्याच्या भागाला लागतो, तर मराठीतला ‘कुल्ला’ केवळ नितंबाला. घरी मराठी आणि दवाखान्यात हिंदी बोलणाऱ्या कुटुंबाची तक्रार कागदावर उतरेपर्यंत चार बोटे इकडची तिकडे झालेली असते.

हा केवळ भाषेचा प्रश्न नाही. जांघेच्या घडीतले दुखणे प्रत्यक्ष खुब्याच्या सांध्याकडे बोट दाखवते. नितंबातले दुखणे पुष्कळदा कंबरेतून किंवा माकडहाडाच्या वरच्या सांध्यातून येते. बाहेरच्या बाजूला, कुशीवर झोपल्यावर टोचणारे दुखणे बहुधा तेथील स्नायूबंधांचे असते. यावर उपाय सोपा आहे. नाव विचारू नये, बोट ठेवून दाखवायला सांगावे. सांध्याच्या आतले दुखणे असणारी मोठी माणसे अनेकदा एक बोट न ठेवता अंगठा आणि बोटे यांची कमान करून खुबा पुढून-मागून पकडून दाखवतात. ही खूण ज्याने पाहिली, त्याला अर्धे उत्तर मिळाले.

गुडघा का दुखतो?

इंग्रज शल्यविशारद जॉन हिल्टन यांनी १८६० ते १८६२ या काळात विश्रांती आणि वेदना या विषयावर व्याख्याने दिली. सांध्याला संवेदना पुरवणाऱ्या मज्जातंतूच त्या सांध्याला हलवणाऱ्या स्नायूंना आणि तेथील त्वचेलाही शाखा देतात, हा त्यांनी मांडलेला नियम आजही विद्यार्थ्यांना शिकवला जातो. खुब्याला शाखा देणाऱ्या फीमोरल आणि ऑब्च्युरेटर या मज्जातंतू पुढे मांडीच्या आतल्या बाजूला आणि गुडघ्यालाही शाखा देतात. खुब्यातून निघालेली कळ मेंदूला गुडघ्यातली वाटते ती यामुळे.

म्हणून एक नियम प्रत्येकाने लक्षात ठेवावा. मुलाचा गुडघा दुखत असेल आणि गुडघ्याच्या तपासणीत काही आढळत नसेल, तर खुबा तपासल्याशिवाय मुलाला घरी पाठवू नये.

वयानुसार विचार

तान्हेपणी खुबा उखळीतून सरकलेला असू शकतो. पण तो दुखत नाही, म्हणून शोधावा लागतो. ऑर्टोलानी यांनी १९३७ च्या सुमारास आणि बार्लो यांनी १९६२ मध्ये वर्णन केलेल्या तपासण्या त्यासाठीच आहेत. पायाळू जन्मलेली मुले, मुली आणि कुटुंबात हा दोष असलेली बाळे यांच्याकडे विशेष लक्ष द्यावे. पहिल्या चार ते सहा महिन्यांत एक्स-रेपेक्षा सोनोग्राफी अधिक उपयोगी पडते. पाय सरळ ताणून बाळाला दुपट्यात घट्ट आवळणे खुब्याला घातक असते. याउलट पाय फाकवून कडेवर घेण्याची आपली जुनी रीत खुब्याला हितकर आहे. या वयात सुटलेला सौम्य दोष विशी-तिशीत जांघेतले न उलगडणारे दुखणे होऊन पुढे येतो.

तीन ते दहा वर्षांच्या मुलांत अचानक लंगडण्याचे सर्वांत सामान्य कारण म्हणजे सांध्याच्या अस्तराची तात्पुरती सूज. ती एक-दोन आठवड्यांत आपोआप ओसरते. मात्र सांध्यात पू झाला तर ती आणीबाणीची अवस्था होय. १९९९ मध्ये कोखर आणि सहकाऱ्यांनी हे दोन आजार वेगळे ओळखण्यासाठी चार निकष मांडले: ताप, पायावर भार न घेणे, ईएसआर ४० पेक्षा जास्त असणे आणि पांढऱ्या पेशी १२,००० पेक्षा जास्त असणे. तापाबरोबर लंगडणाऱ्या मुलाला ‘उद्या पाहू’ म्हणून थांबवू नये.

चार ते आठ वर्षांचा, सडपातळ, चपळ मुलगा कित्येक आठवडे किंचित लंगडत असेल आणि फारशी तक्रार करत नसेल, तर पर्थेस आजाराची शंका घ्यावी. यात हाडाच्या गोळ्याचा रक्तपुरवठा काही काळ खंडित होतो. १९१० साली लेग, कॅल्व्हे आणि पर्थेस या तिघांनी तीन देशांत स्वतंत्रपणे तो ओळखला. त्याआधी १९०९ मध्ये स्वीडनच्या वाल्डेनस्ट्रॉम यांनी असेच रुग्ण वर्णिले होते; पण त्यांना तो क्षय वाटला. भारतात नैर्ऋत्य किनारपट्टीवर, विशेषतः उडुपी परिसरात, हा आजार अधिक आढळतो.

दहा ते सोळा या वयात, बहुधा वजन जास्त असलेल्या मुलामुलींत, मांडीच्या हाडाचा गोळा वाढीच्या कूर्चेवरून हळूहळू सरकू शकतो. यातील अनेकांची तक्रार केवळ गुडघ्याची किंवा मांडीची असते. गुडघ्याचे एक्स-रे होतात, पट्टे बांधले जातात, मलम लागते आणि खुबा तसाच सरकत राहतो. डॉ. लोडर आणि सहकाऱ्यांनी १९९३ साली दाखवून दिले की जे मूल पायावर भार घेऊ शकते, त्याच्यात शस्त्रक्रियेनंतर गोळा मृत होण्याचा धोका अत्यल्प असतो. त्यांच्या पाहणीत, जी मुले कुबड्या घेऊनही चालू शकत नव्हती, अशा ३० खुब्यांपैकी १४ खुब्यांत गोळा मृत झाला. गुडघ्याला मलम लावण्यात गेलेल्या आठवड्यांची किंमत या आकड्यांत आहे.

कोणत्याही वयात विचारात घ्यावीत अशी आणखी काही कारणे आहेत. आपल्या देशात क्षयाला विसरता येत नाही. हाडा-सांध्यांच्या क्षयात कण्यानंतर खुब्याचाच क्रमांक लागतो. सुरुवातीला एक्स-रे निर्दोष असतो, पाय प्रत्यक्षात लांब नसताना लांब भासतो आणि झोपेत स्नायू सैल पडले की मूल किंचाळून उठते. सहा वर्षांवरील मुलांत, विशेषतः मुलग्यांत, सकाळी अवघडणे आणि टाचा दुखणे असेल तर संधिवाताचा विचार करावा. झाबुआ, आलिराजपूर, धार, बडवानी या पट्ट्यातील मुलांत सिकलसेल तपासणे अगत्याचे आहे. या आजारातही खुब्याचा गोळा मृत होतो. भारतात सिकलसेलची पहिली नोंद १९५२ मध्ये निलगिरी परिसरातून झाली आणि १ जुलै २०२३ रोजी मध्य प्रदेशातील शहडोल येथून त्याच्या निर्मूलनाची राष्ट्रीय मोहीम सुरू झाली. फिकटपणा, वजन घटणे आणि तपासणीत दिसते त्याहून कितीतरी अधिक वेदना असतील तर रक्ताचा कर्करोग नाकारल्याशिवाय स्टेरॉइड देऊ नये. त्याने काही दिवस बरे वाटते आणि निदान लांबते.

‘नॉर्मल’ अहवालाचा अर्थ

एक्स-रे हाड दाखवतो. कूर्चा, अस्तर, मज्जा आणि रक्तप्रवाह तो दाखवत नाही. पर्थेस, क्षय आणि संधिवात या तिन्हींत सुरुवातीचा एक्स-रे निर्दोष असू शकतो. पुढून घेतलेल्या एकाच चित्रात थोडा सरकलेला गोळा नजरेतून निसटतो. बेडकासारखे पाय फाकवून घेतलेले दुसरे चित्र अवश्य हवे. (मूल उभेच राहू शकत नसेल तर मात्र पाय तसे वळवू नयेत.) दुखणे टिकून असेल तर काही आठवड्यांनी एक्स-रे पुन्हा काढावा किंवा एमआरआय करावा. रक्ततपासणीबाबतही तारतम्य हवे. ऱ्हुमॅटॉइड फॅक्टर निगेटिव्ह आला म्हणून मुलाला संधिवात नाही असे ठरत नाही, आणि एचएलए-बी२७ पॉझिटिव्ह आले एवढ्याने आजार सिद्ध होत नाही.

ऑस्टिऑइड ऑस्टिओमा हे या संदर्भात बोलके उदाहरण आहे. जाफे यांनी १९३५ मध्ये वर्णन केलेली ही हाडातली लहानशी, कर्करोग नसलेली गाठ मांडीच्या हाडाच्या वरच्या टोकाशी वारंवार आढळते. ती रात्री विलक्षण दुखते आणि वेदनाशामक गोळीने तासाभरात शांत होते. साध्या एक्स-रेत ती लपली तरी सीटी स्कॅनमध्ये तिचा केंद्रबिंदू दिसतो. अशा तरुणाला ‘मनाचे दुखणे’ म्हणून परत पाठवले जाऊ शकते. वास्तविक सुईवाटे उष्णता देऊन ही गाठ नष्ट करता येते.

दोन मिनिटांची तपासणी

मूल चालताना पाहावे. एका पायावर उभे करून कंबर दुसऱ्या बाजूला झुकते का ते पाहावे; ट्रेंडेलेनबर्ग यांनी १८९५ मध्ये सांगितलेली ही खूण आहे. मग पालथे झोपवून, गुडघे वाकवून, दोन्ही पाय बाहेरच्या बाजूला वळवून तुलना करावी. खुबा आतल्या बाजूस फिरण्याची ही क्षमता बहुतेक आजारांत सर्वांत आधी कमी होते. यास पैसा लागत नाही, यंत्र लागत नाही. लागते ते मुलाची चड्डी वर करून दोन्ही पाय नीट पाहण्याचे कष्ट घेणे.

वाढीच्या वेदना मुलांत सामान्य आहेत. त्या दोन्ही पायांत, संध्याकाळी किंवा रात्री होतात. सकाळी मूल हुंदडते, लंगडत नाही आणि तपासणीत दोष नसतो. एकाच बाजूचे दुखणे किंवा कसलेही लंगडणे या नावाखाली बसवू नये.

प्रौढांसाठी चार शब्द

तरुणपणी जांघ दुखण्याची अनेक कारणे आज ओळखता येतात. गोळा आणि उखळीची कडा एकमेकांवर आपटण्याचा दोष बर्न येथील गान्झ यांनी २००३ मध्ये सविस्तर मांडला. मांडी घालून बसताना किंवा उकिडवे बसताना कळ येणे ही त्याची तक्रार असते. स्टेरॉइड आणि मद्य यांमुळे गोळ्याचा रक्तपुरवठा तुटू शकतो. २०२०-२१ च्या कोविड साथीत स्टेरॉइड घेतलेल्या रुग्णांत हे पुन्हा दिसून आले. सकाळी अर्धा-पाऊण तास अवघडणारा, हालचालीने मोकळा होणारा तरुण कंबर-खुब्याच्या संधिवातासाठी तपासावा.

रुग्णाने काय करावे?

एक वही ठेवावी. दुखणे कधी सुरू झाले, दिवसाच्या कोणत्या वेळी वाढते, झोपेतून उठवते का, सकाळी किती वेळ अवघडते, कोणत्या कृतीने कळ येते, कोणत्या गोळीने किती फरक पडतो, एवढे दोन ओळींत रोज लिहावे. जुने एक्स-रे तारखेनुसार लावून न्यावेत. डॉक्टर बदलला तरी कागद बदलू नयेत. आणि प्रत्येक भेटीच्या शेवटी नम्रपणे तीन प्रश्न विचारावेत: आपण कोणते आजार नाकारले आहेत? कोणते अद्याप शिल्लक आहेत? आराम पडला नाही तर पुन्हा केव्हा यावे? या तीन प्रश्नांनी कोणत्याही डॉक्टरला राग येण्याचे कारण नाही.

ताप, पायावर भार न घेणे, रात्री झोपमोड करणारे दुखणे, वजन घटणे किंवा दोन आठवड्यांहून अधिक टिकलेले लंगडणे यांपैकी एकही गोष्ट असेल तर घरगुती शेक आणि मालिश थांबवून तपासणी करून घ्यावी.

उत्तर मिळत नाही तेव्हा

सर्व शोध घेऊनही काही रुग्णांत कारण सापडत नाही. वेदनेच्या अभ्यासाच्या आंतरराष्ट्रीय संघटनेने २०२० मध्ये वेदनेची व्याख्या सुधारली, तेव्हा सोबतच्या टिपणीत स्पष्ट केले की व्यक्तीने सांगितलेल्या वेदनेचा आदर राखला पाहिजे. जानेवारी २०२२ पासून अमलात आलेल्या आयसीडी-११ या रोगवर्गीकरणात तीन महिन्यांहून अधिक टिकणाऱ्या प्राथमिक वेदनेला स्वतंत्र स्थान आहे. अशा वेदनेवर क्रमाक्रमाने वाढवलेला व्यायाम, नियमित झोप, शाळा किंवा काम चालू ठेवणे आणि गरजेप्रमाणे मानसोपचाराची साथ हे खरे उपचार आहेत. तथापि हे नाव देऊन फाइल बंद करू नये. दर दोन-तीन महिन्यांनी खुबा पुन्हा फिरवून पाहावा, कारण आज न दिसणारे चिन्ह पुढच्या भेटीत दिसू शकते.

“मला अजून कारण सापडलेले नाही, पण तुमचे दुखणे खरे आहे आणि पुढची तारीख ही आहे,” एवढे वाक्य चिठ्ठीवर लिहिता आले, तर रुग्ण दारोदार फिरत नाही आणि त्याच्या खुब्याचा मोलाचा काळ वाया जात नाही.