कयाकिंगचा धंदा: बोट घेण्याआधी हे गणित मांडा

पवना, भंडारदरा, तापोळा अशा ठिकाणी धरणाच्या पाण्यावर कयाकिंग सुरू करायचंय? मग बोटीचं कोटेशन मागवण्याआधी वही उघडा.

१) परवानगी: काठावरची जमीन तुमची असली तरी जलाशय सरकारचा. लेखी परवानगी नसेल तर धंदा एका दिवसात बंद पडू शकतो.

२) बोट: नवख्यांसाठी 'सिट-ऑन-टॉप' कयाक घ्या. उलटली तरी आत पाणी साठत नाही, पुन्हा चढता येतं.

३) वेळ: दुपारी वारा वाढतो, म्हणून फेऱ्या सकाळीच. पावसाळ्यात बंद. मेमध्ये पाणी खाली जातं, तेव्हा उतरायची जागा आधीच बघून ठेवा.

४) हिशोब: समजा, दोन सीटच्या ४ बोटी, रोज २ फेऱ्या, म्हणजे १६ जागा. ऑक्टोबर ते मे फक्त शनिवार-रविवार धरले तर साधारण ६४ दिवस, १,०२४ जागा. निम्म्याच भरतील असं धरा: ५१२. वर्षाचा सगळा खर्च भागिले ५१२. दर त्याखाली लावलात की तोटा.

खर्चात लाइफ जॅकेट, विमा, गाइडचा पगार आणि त्याची वेगळी बोट धराच. जॅकेट नको म्हणणाऱ्या गिऱ्हाइकाला पैसे परत द्या, बोट देऊ नका. गेलेलं गिऱ्हाईक परत मिळतं, गेलेला जीव नाही.

गृहपाठ: तुमचा आकडा आजच काढा.