आज्ञाधारक पंखा

विजेचा पंखा येण्यापूर्वी आपल्या देशातील मोठ्या कचेऱ्यांत आणि साहेबांच्या बंगल्यांत छताला झालरीचा लांब पंखा टांगलेला असे. त्याची दोरी भिंतीतील भोकातून व्हरांड्यात जाई आणि तेथे बसलेला गडी ती तासन् तास ओढीत राही. पंख्याचा वेग त्याच्या दंडातील बळावर अवलंबून असे. रात्री त्याचा डोळा लागला, तर शिव्या आणि प्रसंगी मारही त्याच्या वाट्याला येई. एकाच्या झोपेसाठी दुसऱ्याने जागावे, अशी ती व्यवस्था होती.

१८८२ च्या सुमारास अमेरिकेत फिलिप डील या मूळच्या जर्मन तंत्रज्ञाने शिवणयंत्राच्या विजेच्या मोटरीला पाती जोडून ती छताला टांगली. माणसाचे काम यंत्राने घेतले. मात्र एक प्रश्न उरला. गड्याला ‘हळू ओढ’ असे सांगता येत होते. यंत्राला ते कसे सांगावे?

पंखा खोलीतील हवा थंड करीत नाही. तो ती हलवितो. हलत्या हवेने अंगावरचा घाम लवकर सुकतो आणि शरीराला गारवा वाटतो. म्हणूनच भर दुपारी जो वेग सुखाचा वाटतो, तोच पहाटे नकोसा होतो. वेग कमी-जास्त करण्याची गरज अशी स्वाभाविक आहे.

आपल्या घरांतील वीज सुमारे २३० व्होल्ट दाबाची असते. हा दाब कमी केला, की मोटरीचा जोर घटतो आणि पंखा मंदावतो. जुन्या पेटीसारख्या रेग्युलेटरमध्ये यासाठी रोधक तारेची वेटोळी असत. ती वेटोळी काही दाब स्वतःवर घेत आणि त्याची उष्णता करीत. पंखा हळू फिरे, पण रेग्युलेटर तापे. पंख्यात वाचलेली बरीचशी वीज अशी भिंतीवर वाया जाई.

पुढे रोधक तारेच्या जागी कपॅसिटर, म्हणजे धारित्र, आले. धारित्र वीज क्षणभर साठविते आणि परत देते. तिची उष्णता मात्र फारशी करीत नाही. लहान धारित्रातून प्रवाह दिला, तर पंखा सर्वांत हळू फिरतो. मोठ्यातून दिला, तर थोडा अधिक. दोन्ही शेजारी शेजारी जोडली, तर त्याहून अधिक. आणि दोन्ही वगळून सरळ जोडणी केली, तर पूर्ण वेग मिळतो. दोन धारित्रांतून चार वेग मिळतात, ते असे.

आजच्या स्वयंचलित घरांत हेच काम एक लहानसा सूक्ष्मसंगणक करतो. बटणांच्या फळीमागे तो बसविलेला असतो. मोबाइलवरून किंवा आवाजाने आज्ञा मिळताच तो योग्य ते धारित्र जोडतो. काही रचनांत थांबलेला पंखा प्रथम थोडा वेळ पूर्ण वेगाने फिरवून मग हळू केला जातो. कारण थांबलेल्या पंख्याला कमी दाबात चालू होणे जड जाते.

या सूक्ष्मसंगणकाला तापमान मोजणारे साधन जोडले, तर घरातील माणसे झोपेत असतानाही तो काम करतो. परंतु त्याला नेमकी आज्ञा द्यावी लागते. ‘३० अंशांच्या वर वेग वाढव आणि ३० च्या खाली कमी कर,’ एवढेच सांगितले, तर तापमान ३० च्या आसपास रेंगाळताच पंखा पुनःपुन्हा वेग बदलीत राहील. ‘३० वर वाढव, २८ पर्यंत उतरल्यावरच कमी कर,’ असे सांगितले, तर तो शांतपणे चालेल. यंत्र आज्ञेचे शब्द पाळते. त्यामागचा हेतू ते ओळखीत नाही.

येथे एक चूक धोक्याची ठरते. दिव्याचा उजेड कमी करणारे साधन पंख्याला जोडू नये. ते साधन विजेच्या लहरीचा काही भाग कापून टाकते. दिव्याच्या तापलेल्या तारेला त्याने बाधा येत नाही. पंख्याची मोटर मात्र गुणगुणू लागते, तापते आणि प्रसंगी बिघडते. ही जोडणी जाणत्या विद्युत्कारागिराकडूनच करून घ्यावी. मुलांनी बटणांची फळी उघडण्याचे धाडस कधीही करू नये.

नव्या प्रकारच्या पंख्यांत फिरणाऱ्या भागावर चुंबक असतात आणि वेगाचे नियंत्रण मोटरीतच असते. त्यांना भिंतीवरचा रेग्युलेटर लागत नाही. साधा पंखा पूर्ण वेगात सुमारे ७५ वॅट, तर असा पंखा सुमारे ३० वॅट वीज घेतो. रोज दहा तास चालविल्यास शंभर दिवसांत एका पंख्यामागे ४५ युनिटे वाचतात.

अंथरुणाला खिळलेल्या आजोबांना मध्यरात्री थंडी वाजली, तर कोणालाही न उठविता ते ‘पंखा हळू कर’ असे म्हणू शकतात. हे स्वावलंबन लहान नव्हे. तथापि इंटरनेट बंद पडेल, मोबाइल हरवेल, हे ध्यानी धरून भिंतीवरचे साधे बटण कायम ठेवावे. जे घर बटणाविना अडते, ते सोयीचे घर नव्हे.

झालरीच्या पंख्याची दोरी आता कोणाला ओढावी लागत नाही, ही समाधानाची गोष्ट आहे. पण त्या गड्याला मालकाची अडचण समजत असे. यंत्राला ती समजत नाही. म्हणून समजून घेण्याचे काम आता आज्ञा देणाऱ्यावर आले आहे. ज्याला यंत्राचे मर्म कळते, त्याच्याच हाती ते सुरक्षित राहते.

स्वाध्याय

१. रोधक तारेचा रेग्युलेटर का तापत असे?
२. दोन धारित्रांतून चार वेग कसे मिळतात, ते आकृती काढून दाखवा.
३. ‘यंत्र आज्ञेचे शब्द पाळते, त्यामागचा हेतू ते ओळखीत नाही.’ हे विधान पाठातील उदाहरणाने स्पष्ट करा.
४. आपल्या घरातील एका पंख्याला महिन्यात किती युनिटे वीज लागते, ते मोजा.