उजवा काठ कुणाच्या उजव्या हाताला? : कृष्णेच्या खोऱ्यात पायी शिकलेला एक पाठ



'नदी' हा घटक मी गेली अकरा वर्षं शिकवते आहे. उगम, मुख, उपनदी, संगम, खोरं असे शब्द फळ्यावर लिहायचे, निळ्या खडूने एक वळणदार रेघ काढायची, मुलांनी ती वहीत उतरवायची. स्वाध्याय सोडवला की पाठ संपला. पण या दिवाळीच्या सुट्टीत तिसरीतल्या माझ्या मुलाने मला एक प्रश्न विचारला आणि मी अडखळले. आजचा पाठ त्या प्रश्नाचा आहे.

आम्ही वाईजवळ, मेणवलीच्या बाजूला, शेतातल्या एका छोट्या घरात चार दिवस राहायला गेलो होतो. दोन खोल्या, पुढे अंगण, मागे हळदीचं शेत. टीव्ही नाही, मोबाईलला रेंजही जेमतेम. गाडी अंगणात लावली आणि ठरवलं, आता चार दिवस पायीच फिरायचं. वाई ते मेणवली साधारण तीन किलोमीटर, तिथून धोम आणखी पाच-सहा. मुलांना झेपेल असं अंतर आहे. आणि पायी चाललं की डोळे आपोआप उघडे राहतात.

पहिला दिवस : खोरं म्हणजे काय?

सकाळी अंगणात उभं राहिलं की एका बाजूला पाचगणीचं पठार दिसतं, दुसऱ्या बाजूला पांडवगड, आणि मधल्या खोलगट भागातून कृष्णा वाहते. मी मुलाला दोन्ही हातांची ओंजळ करायला लावली आणि तिच्यात तांब्याने पाणी ओतलं. बोटांवर पडलेलं पाणी सरकत ओंजळीच्या तळाशी जमलं. "हे तुझं खोरं. बोटं म्हणजे डोंगर." जी व्याख्या वर्गात पाठ करून घ्यावी लागते, ती अर्ध्या मिनिटात समजली.

इथले डोंगर नीट बघा. पायऱ्या पायऱ्यांचे दिसतात. एक उभा कडा, मग थोडा उतार, पुन्हा कडा. सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी लाव्हाचे थर एकावर एक साचले आणि त्यांचा बेसॉल्ट म्हणजे आपला काळा कातळ झाला. कठीण थर कडा बनून उभे राहिले, मऊ थर झिजून उतार झाले. पाचगणीच्या माथ्यावर मात्र लाल जांभा खडक आहे. मुलांना थर मोजायला सांगा. आम्ही पाच मोजले, मुलाच्या बाबांनी सहा. वाद झाला, पण त्या निमित्ताने तिघांनीही डोंगर पुन्हा पुन्हा पाहिला!

दुसरा दिवस : धोमची वाट आणि तो प्रश्न

धोमला नरसिंहाचं आणि महादेवाचं जुनं देऊळ आहे. तिथला नंदी दगडी कासवाच्या पाठीवर बसलेला आहे आणि भोवती कमळाच्या आकाराचं कुंड आहे. कुंडात पाणी भरलं की कासव तरंगतंय असं वाटतं. जवळच धोम धरण. धरणाच्या बोलण्यात 'डावा कालवा', 'उजवा कालवा' हे शब्द आले आणि मुलाने विचारलं,

"आई, उजवा म्हणजे कुणाच्या उजव्या हाताला? मी इकडं तोंड केलं तर हा उजवा, तिकडं केलं तर तो!"

खरं सांगते, मला पटकन उत्तर देता आलं नाही. अकरा वर्षं नदी शिकवूनही मी नदीला कधी उजवा-डावा हात आहे असा विचारच केला नव्हता. "घरी गेल्यावर बघू" असं शिक्षकी उत्तर देणार होते, तेवढ्यात बांधावर बसलेले एक आजोबा हसले. म्हणाले, "पाणी जातं तिकडं तोंड करून उभं राहा, बाळा. मग तुझा उजवा तोच नदीचा उजवा."

किती सोपं! नदी जिकडे वाहते तिकडे पाहायचं. उगमाकडे पाठ, मुखाकडे तोंड. मुलगा तिथेच चार वेळा वळून वळून उभा राहिला. त्या आजोबांना मी मनातल्या मनात गुरुजी म्हटलं.

मग ओघाने पुढचा प्रश्न आला, "हे पाणी जातं कुठं?" कृष्णा महाबळेश्वरला उगम पावते. तिथून अरबी समुद्र सरळ रेषेत सुमारे ६५ किलोमीटरवर आहे. पण ती तिकडे न जाता पूर्वेला वळते आणि महाराष्ट्र, कर्नाटक, तेलंगणा, आंध्र प्रदेश असा सुमारे १,४०० किलोमीटर प्रवास करून बंगालच्या उपसागराला मिळते. वाटेत साताऱ्याजवळ माहुलीला वेण्णा येते, कराडला कोयना. त्याच महाबळेश्वरच्या डोंगरातली सावित्री मात्र पश्चिमेला कोकणात उतरते. एकाच माथ्यावर पडलेल्या पावसाचे दोन थेंब दोन वेगळ्या समुद्रांना जातात. जलविभाजक हा अवघड शब्द मुलांना अशा गोष्टीतून सांगा, पुन्हा विसरणार नाहीत.

तिसरा दिवस : मेणवलीचा घाट, आणि माझी चूक

मेणवलीला नाना फडणवीसांचा वाडा आहे. मागच्या बाजूला नदीवर चंद्रकोरीसारखा वळलेला दगडी घाट आहे. तिथे एक मोठी घंटा टांगलेली दिसते. १७३९ मध्ये चिमाजी आप्पांनी वसई जिंकली, त्यानंतर मराठ्यांनी ज्या पोर्तुगीज घंटा आणल्या त्यांपैकी ही एक मानली जाते. इतिहास आणि भूगोल इथे एकाच पायरीवर बसलेले आहेत.

आम्ही तिथे नदीचा वेग मोजला. काठाने १० मीटर दोरी लांब धरली आणि संत्र्याची साल पाण्यात टाकली. काठालगत तिला ४० सेकंद लागले, म्हणजे सेकंदाला पाव मीटर. जरा आत फेकलेली साल २५ सेकंदांत पोचली, म्हणजे सेकंदाला ०.४ मीटर. काठाशी पाणी जमिनीला घासतं म्हणून मंदावतं. भागाकाराचं असं उदाहरण पुस्तकात कुठून मिळणार!

मी घड्याळाकडे बघत वहीत आकडे लिहीत होते. मुलगा अडकलेली साल काढायला दोन पायऱ्या खाली उतरला. पायरीवर शेवाळ होतं. पाय सटकला आणि तो गुडघ्यापर्यंत पाण्यात गेला. शेजारी कपडे धुणाऱ्या एका मावशींनी दंड धरून त्याला वर ओढलं. काही झालं नाही, पण माझे हातपाय थरथरत होते. मावशी रागावल्याच. "बाई, वही नंतर लिवा. घाटावर पोराचा हात सोडू नये. पाण्यातल्या पायऱ्या किती, ते वरनं कळत न्हाई."

त्यांचं बोलणं मी मुद्दाम इथे लिहिते आहे. आपण मुलांना "नदीवर जायचं नाही" एवढंच सांगतो. पण ती जातातच. पोहायला जातात, मासे धरायला जातात. मग नदीशी कसं वागायचं हे शिकवायला नको का? म्हणून हे नियम आधी सांगा, उपक्रम नंतर :

१. मोजणारा एक मोठा माणूस, आणि फक्त मुलांवर लक्ष ठेवणारा दुसरा. दोन्ही कामं एकाने करायची नाहीत. मी तीच चूक केली.
२. हिरवी, चकाकणारी पायरी म्हणजे शेवाळ. तिथे पाय नाही.
३. धरणाखाली पाऊस नसतानाही पाणी वाढू शकतं. पाणी कधी सोडतात हे गावात विचारूनच जायचं.
४. वस्तू वाहून गेली तर जाऊ द्यायची. तिच्यामागे जायचं नाही.
५. कुणी बुडताना दिसलं तर उडी मारायची नाही. ओरडून मोठ्यांना बोलवायचं, काठी किंवा दोरी पुढे करायची.

चौथा दिवस : वाई

शेवटच्या दिवशी चालत वाईला गेलो. ढोल्या गणपतीच्या देवळाची मागची भिंत पाहा. ती माशासारखी निमुळती बांधली आहे, म्हणजे पुराचं पाणी तिच्यावर आपटून दोन्ही बाजूंना फाटतं. मुलाला मी काहीच सांगितलं नाही, फक्त विचारलं, "भिंत सपाट का नाही?" त्याने थोडा वेळ पाहिलं आणि म्हणाला, "होडीचं टोक आहे ते!" मोठ्यांनी थोडं गप्प राहिलं तर मुलं उत्तरापर्यंत स्वतः पोचतात.

आता आपल्या गावात

तुम्ही म्हणाल, मॅडम, सगळ्यांना कुठे अशी सुट्टी परवडते? अगदी बरोबर. माझ्या वर्गातल्या बहुतेक पालकांना नाहीच परवडत. म्हणून सुट्टीनंतर मी चौथीच्या मुलांना गावच्या ओढ्यावर नेलं, दोन पालकांना सोबत घेऊन. संत्र्याची साल, दोरी, घड्याळ, एवढंच साहित्य.

वर्गात कधी तोंड न उघडणारा एक मुलगा तिथे पुढे चालत होता. तो रोज शेळ्या घेऊन त्या बाजूला जातो. खंड्या कुठल्या फांदीवर बसतो, उंबराखाली पाणी खोल का आहे, उन्हाळ्यात कुठला डोह शेवटी आटतो, हे सगळं त्याने सांगितलं. मी विचारलं, "ओढ्याचा उजवा काठ कुठला?" मुलं गोंधळली. त्याने क्षणभर पाण्याकडे पाहिलं, पाणी जात होतं तिकडे तोंड केलं आणि उजवा हात वर केला.

त्याला हे कुणी शिकवलं नव्हतं. फक्त आजवर कुणी विचारलं नव्हतं.

तुमच्या गावात नदी, ओढा, निदान नाला तरी असेलच. एकदा मुलांचा हात धरून काठाने चाला आणि चालताना एक तरी प्रश्न असा विचारा, ज्याचं उत्तर तुम्हालाही माहीत नाही.