तंबोऱ्याचे लाकूड आणि आपली जबाबदारी

(द्वितीय वर्ष, कला)

मिरज म्हटले की कोणाला रेल्वेचे जंक्शन आठवते, कोणाला तेथील इस्पितळे, तर कोणाला ख्वाजा शमना मीरासाहेबांचा दर्गा. संगीताच्या जाणकारांना मात्र आधी आठवतो तो मिरजेचा तंबोरा. किराणा घराण्याचे अब्दुल करीम खाँ मिरजेत राहिले, १९३७ साली त्यांचे निधन झाल्यावर याच दर्ग्याच्या परिसरात त्यांचे दफन झाले आणि त्यांच्या स्मरणार्थ तेथे दरवर्षी संगीतसभा भरते. बाळकृष्णबुवा इचलकरंजीकरांजवळ विष्णु दिगंबर पलुसकर शिकले तेही मिरजेतच. अशा या नगरीत सतार आणि तंबोरा घडविणाऱ्यांची घराणी पिढ्यान्‌पिढ्या नांदत आहेत. मार्च २०२४ मध्ये मिरजेच्या सतारीला व तंबोऱ्याला भौगोलिक मानांकन मिळाले, ही आपणा सर्वांना अभिमानाची गोष्ट आहे.

परंतु मानांकन नावाला मिळते, लाकडाला मिळत नाही. ज्या झाडाच्या लाकडातून हे वाद्य निघते ते झाड उद्या मिळेल काय, या प्रश्नाचा विचार आपल्याकडे फारसा होत नाही. द्वितीय वर्षाला पर्यावरण अभ्यासाचा प्रकल्प सक्तीचा असतो. त्या निमित्ताने मी हा विषय घेतला. मी पाटण तालुक्यातील शेतकरी कुटुंबातली, घरातली कॉलेजात येणारी पहिलीच. त्यामुळे संगीतातील मला फार कळते असे नाही. झाडे आणि बांध मात्र लहानपणापासून पाहिलेले आहेत. त्या बाजूनेच हा विषय मांडण्याचा प्रयत्न करते.

वाद्य कशाचे होते?

तंबोऱ्याचे मुख्य भाग तीन : भोपळा, दांडी आणि तबली. भोपळा म्हणजे वेलीवर येणारा, जाड सालीचा, खाण्यास निरुपयोगी असा मोठा कडू भोपळा. तो वाळवून, कापून, आतून साफ करून त्याचे तुंब करतात. दांडी आतून पोकळ असते. तुंबाच्या तोंडावर जी पातळ, किंचित फुगीर फळी बसवतात ती तबली. तारा घोडीवरून जातात, घोडी तबलीवर उभी असते. तार छेडली की तिचे कंपन घोडीतून तबलीत आणि तबलीतून तुंबातील हवेत उतरते. म्हणजे आपण जो घुमारा ऐकतो तो तारेचा कमी आणि लाकडाचा व भोपळ्याचा अधिक असतो.

यासाठी लाकूड हलके हवे, पण ताण सोसणारे हवे. सरळ रेषांचे हवे, वाळल्यावर पीळ न खाणारे हवे आणि किडीला सहजासहजी बळी न पडणारे हवे. हे सारे गुण ज्या झाडात एकत्र आढळतात ते तूण. काही भागांत त्याला कुरूक म्हणतात. तूण हे कडुनिंबाच्या व महोगनीच्या कुळातले झाड. पानेही निंबासारखी संयुक्त, मात्र आकाराने मोठी. फुले बारीक, पांढुरकी, मधासारख्या वासाची. त्यांपासून पूर्वी पिवळा रंग काढीत. बिया पंखाच्या असतात व वाऱ्याबरोबर दूर जातात. लाकूड तांबूस, सुवासिक आणि रंध्याला मऊ लागणारे. हिमालयाच्या पायथ्यापासून सह्याद्रीपर्यंत आणि पुढे ऑस्ट्रेलियापर्यंत हे झाड आढळते.

मिरजेतील एका वयस्कर कारागिरांना मी विचारले, "चाचा, लाकूड आणल्यावर लगेच काम सुरू करता का?" ते हसून म्हणाले, "नाही बेटा. ओलं लाकूड सुरात राहत नाही. त्याला आधी बसून राहू द्यावं लागतं." दांडी थोडी जरी वाकली तरी सतारीचे पडदे सुराला लागत नाहीत. म्हणून नीट वाळलेल्या लाकडाचा साठा हीच कारागिराची खरी पुंजी होय.

भोपळा आणि लाकूड : एक फरक

या अभ्यासात मला सर्वांत महत्त्वाची वाटलेली गोष्ट पुढीलप्रमाणे. भोपळे येतात ते सोलापूर जिल्ह्यातील मंगळवेढा भागातून. तेथील शेतकरी ते मुद्दाम पिकवतात. भोपळा कसा हवा, देठाकडचा आकार कसा हवा, साल किती जाड हवी, हे त्याला ठाऊक असते, कारण घेणारा कारागीर त्याच्या ओळखीचा असतो. एखाद्या वर्षी पावसाने वेल गेले तर पुढच्या वर्षी पुन्हा लावता येतात. येथे शेत आणि वाद्य यांचे नाते जिवंत आहे.

लाकडाचे तसे नाही. ते कर्नाटकातील जंगलांकडून व्यापाऱ्यामार्फत येते. ते झाड कोणी लावले, त्याच्या जागी दुसरे लावले की नाही, हे कारागिराला कळण्याचा मार्ग नाही. उलट, डोंगरातील शेतकऱ्याला आपल्या बांधावरच्या तुणीतून तंबोरा होतो याचा पत्ता नसतो. आमच्या भागात असे झाड सरपणात किंवा फळ्यांत जाते. भोपळा एका हंगामाचा असतो. तूण चांगल्या जाडीची व्हायला तीन-चार दशके लागतात. ज्याला वेळ अधिक लागतो त्याचीच तजवीज आधी करायची असते, आणि आपण नेमके उलट केले आहे.

जगातील अनुभव

हा प्रश्न केवळ मिरजेचा नाही. व्हायोलिनचा गज ज्या पर्नाम्बुको लाकडाचा करतात त्याच झाडावरून ब्राझील देशाला नाव पडले असे मानतात. ते झाड इतके दुर्मिळ झाले की २००७ साली त्याच्या आंतरराष्ट्रीय व्यापारावर बंधने आली. त्याआधीच गज बनविणाऱ्या कारागिरांनी स्वतः एकत्र येऊन त्याची लागवड हाती घेतली होती. गिटारची पट्टी ज्या काळ्या आबनुसाची करतात तो कॅमेरूनच्या जंगलातून येतो. तेथे पूर्ण काळे लाकूड निघाले नाही तर तोडलेले झाड जंगलातच टाकून देत. २०११ साली एका अमेरिकन गिटार कंपनीने भागीदारीत तेथील गिरणी घेतली, ठिपक्यांचे लाकूडही वापरायला सुरुवात केली आणि पुढे गावकऱ्यांच्या मदतीने आबनुसाची रोपे लावली.

आपल्या शिसवीचीही अशीच कथा आहे. भारतीय शिसव गिटारची पाठ व बाजू यांसाठी जगभर नावाजलेली आहे. २०१७ च्या जानेवारीपासून शिसवीच्या वर्गातील सर्व झाडांच्या व्यापारावर जागतिक नियंत्रण आले. त्याची झळ वाद्ये परदेशी पाठविणाऱ्यांना आणि वाद्य घेऊन प्रवास करणाऱ्या कलावंतांनाही बसली. शेवटी २०१९ साली तयार वाद्यांना त्यातून सूट मिळाली. तुणीवर आज असे नियंत्रण नाही. परंतु नियंत्रण येण्याची वेळ येऊ नये यातच शहाणपण आहे.

ऑस्ट्रेलियाचे उदाहरण तर थेट तुणीचेच आहे. तेथे तिला 'लाल सोने' म्हणत. अठराव्या शतकाच्या अखेरीपासून तिची अशी तोड झाली की विसाव्या शतकाच्या प्रारंभापर्यंत मोठी झाडे जवळजवळ संपली. मग लागवडी केल्या, पण त्या फसल्या.

लागवड का फसते?

त्याचे कारण एक लहानशी अळी. एका पतंगाची ही अळी तुणीचा कोवळा शेंडा पोखरते. शेंडा मेला की खालून दोन-चार फाटे फुटतात आणि झाड झुडपासारखे पसरते. झाड जगते, पण सरळ खोड हरवते. आणि सरळ खोड नाही म्हणजे दांडी नाही. उघड्या माळावर, एकाच जातीची झाडे रांगेने लावली की ही कीड फार वाढते. इतर झाडांत मिसळून, थोड्या सावलीत वाढलेल्या तुणीला तिचा उपद्रव कमी होतो. चहा-कॉफीच्या मळ्यांत सावलीसाठी तूण लावतात, हे या दृष्टीने लक्षात घेण्यासारखे आहे.

यावरून एक गोष्ट उघड होते. तुणीची निलगिरीसारखी सलग लागवड करण्यात अर्थ नाही. तिची जागा बांधावर, आंबा-फणस-जांभळाच्या संगतीत आहे. पाऊसही भरपूर हवा. म्हणून जत-आटपाडीचा माळ तिला मानवणार नाही, पण सातारा जिल्ह्यातील पाटण व जावळी आणि सांगली जिल्ह्यातील शिराळ्याचा पश्चिम भाग हे तिचे योग्य ठिकाण ठरेल. बियांची उगवणशक्ती लवकर जाते, म्हणून बी ताजेच पेरावे लागते. आपल्या देवरायांतील जुनी झाडे यासाठी बीजभांडार ठरू शकतात. देवराईतील फांदीही तोडू नये, पण खाली पडलेले बी उचलायला देवाची हरकत नसावी.

शेतकऱ्याची अडचण

सुट्टीत घरी गेल्यावर मी हा विचार अण्णांना सांगितला. ते म्हणाले, "लावायचं सोपं हाय गं. तोडताना कागूद लागतुया, त्याचं काय?" त्यांचे म्हणणे सोडून देण्यासारखे नाही. महाराष्ट्रात १९६४ चा झाडे तोडण्याबाबतचा कायदा आहे. साग, आंबा, फणस, हिरडा अशी ठरावीक झाडे स्वतःच्या रानातील असली तरी परवानगीशिवाय तोडता येत नाहीत. १९२७ च्या भारतीय वन अधिनियमाखाली लाकडाच्या वाहतुकीचेही नियम आहेत. हे कायदे जंगल वाचावे म्हणून झाले आणि ते आवश्यकच आहेत. परंतु कोणत्या झाडाला कोणता कागद लागतो हे सामान्य शेतकऱ्याला ठाऊक नसते, आणि हेलपाट्यांच्या भीतीने तो कोणतेच झाड लावत नाही. उसाचे बिल वर्षा-दीड वर्षात हाती येते. तीस वर्षांनी येणाऱ्या पैशासाठी एवढी कटकट कोण पत्करील?

नियम सुटसुटीत केले तर फरक पडतो, असे शासनालाही वाटू लागले आहे. २०१४ साली देशाचे कृषिवनीकरण धोरण जाहीर झाले. २०१७ साली बांबूला वन अधिनियमातील 'झाड' या व्याख्येतून वगळले, त्यामुळे शेतातील बांबूची तोड व वाहतूक सोपी झाली. वाद्यांच्या लाकडासाठीही असा मार्ग निघू शकतो.

राखायचे काय, पिकवायचे काय?

येथे एक सावधगिरी हवी. कोयना आणि चांदोली ही आपली अरण्ये आता सह्याद्री व्याघ्र प्रकल्पाचा भाग आहेत. तेथील झाड वाद्यासाठीसुद्धा तोडणे योग्य नाही. ते अरण्य राखायचे आहे. वाद्याचे लाकूड रानात पिकवायचे आहे. जितके ते बांधावर पिकेल तितका अरण्यावरचा भार हलका होईल.

माणसांनी लावलेली झाडे टिकत नाहीत असे कोणी म्हणेल, तर त्याने सागरेश्वर पाहावे. उघड्याबोडक्या डोंगरावर वृक्षमित्र धों. म. मोहिते यांनी लोकांना सोबत घेऊन झाडे लावली. १९८५ साली तेथे अभयारण्य झाले. सुमारे ११ चौरस किलोमीटरचे हे अरण्य मुख्यतः माणसाच्या हातांनी उभे राहिले आहे. दुष्काळी टापूत जे झाले ते कोयनेच्या पावसात का होणार नाही?

काय करता येईल?

माझ्या अल्पमतीप्रमाणे तीन गोष्टी सुचवाव्याशा वाटतात. पहिली, मिरजेच्या कारागिरांच्या संस्थांनी आणि पाटण-शिराळ्याच्या शेतकऱ्यांनी भोपळ्याप्रमाणेच लाकडाचाही थेट संबंध जोडावा. कोणत्या जाडीचे व कसे लाकूड लागते हे शेतकऱ्याला आधी कळावे. दुसरी, बांधावर लावलेल्या झाडाची लावतानाच तलाठ्याकडे नोंद व्हावी, म्हणजे पुढे तोडण्याच्या वेळी वाद उरणार नाही. तिसरी गोष्ट आपल्या हातातील आहे. राष्ट्रीय सेवा योजनेच्या शिबिरात आपण दरवर्षी वृक्षारोपण करतो. त्यात शोभेच्या झाडांऐवजी तुणीची काही रोपे घ्यावीत आणि ज्या गावात शिबिर होईल तेथील शेतकऱ्याला त्या झाडाचा उपयोगही सांगावा.

कोणी म्हणेल, आज लावलेल्या झाडाचा तंबोरा आम्ही कधी ऐकणार? मी आज एकोणीस वर्षांची आहे. या पावसाळ्यात लावलेली तूण दांडीजोगी होईल तेव्हा मी पन्नाशीच्या आसपास असेन. हा काळ फार दूरचा नाही. आमच्या घरचा फणस माझ्या पणजोबांनी लावला. त्यांनी किती गरे खाल्ले कोणास ठाऊक, पण आम्ही अजून खातो आहोत. येत्या जूनमध्ये बांधावर दोन रोपे लावण्यास अण्णा कबूल झाले आहेत. कागदाचे काम मात्र त्यांनी माझ्यावर सोपविले आहे.