ऑर्किडचे बीज आणि त्याचे आवरण

हरभरा किंवा मका यांच्या बीजात भ्रूणाबरोबर त्याची शिदोरीही बांधून दिलेली असते. ऑर्किडच्या बीजात ही शिदोरी जवळजवळ नसतेच. हा फरक कसा उद्भवतो, हे समजण्यासाठी या बीजाची घडण क्रमाने पाहिली पाहिजे.

बहुतेक फुलझाडांत फूल उमलते तेव्हा अंडाशयातील बीजांडे तयार असतात. पुष्कळशा ऑर्किडांत मात्र परागण होईपर्यंत त्यांची वाढ अपुरी राहते. परागपुंज चिकटल्यावर फूल कोमेजू लागते, अंडाशय फुगतो आणि त्याच्या आतील बाजूस असंख्य बीजांडे आकार घेऊ लागतात. जर्मन वनस्पतिशास्त्रज्ञ हिल्डेब्रांड यांनी 1863 मध्येच याकडे लक्ष वेधले होते. परागणानंतर फलन होण्यास कित्येक आठवडे, काही जातींत महिनेही लागतात.

प्रत्येक बीजांडाभोवती सामान्यतः दोन आवरणे असतात, एक आतील व एक बाहेरील. फलनानंतर भ्रूण वाढू लागतो; परंतु त्याला पोसणारा भ्रूणपोष आरंभीच नष्ट होतो किंवा तयारच होत नाही. कित्येक जातींत भ्रूणाला जोडलेला आलंबक लांबत जाऊन बीजांडाच्या मुखातून बाहेर पडतो आणि मातृवनस्पतीकडून अन्न शोषून घेतो. बी. जी. एल. स्वामी या भारतीय शास्त्रज्ञांनी ऑर्किडांच्या भ्रूणविज्ञानाचा विस्तृत अभ्यास 1949 मध्ये प्रसिद्ध केला. कन्नड लेखक म्हणूनही ते ख्यातनाम होते.

बीज पक्व होताना अनेक जातींत आतील आवरण चेपून नाहीसे होते. बाहेरील आवरणाच्या पेशी लांबट होतात, त्यांच्या भित्तींवर लिग्निनचा थर चढतो आणि अखेर त्या मरतात. मागे उरते ती हवेने भरलेली, जाळीदार, पारदर्शक पिशवी. तिच्यात इवल्याशा गोळ्याएवढा भ्रूण असतो. त्याला बहुधा ना मूळ असते, ना बीजपत्र. आवरण सहजासहजी भिजत नाही, म्हणून धुळीसारखे हे बीज वाऱ्यावर दूर जाते आणि पाण्यावरही तरंगते. व्हॅनिला मात्र याला अपवाद आहे. तिच्या बीजाचे आवरण काळे व कठीण असते.

शिदोरी वाचवून ऑर्किड संख्या वाढवते. डार्विन यांनी एका जातीच्या एकाच बोंडात सुमारे 6,200 बीजे असल्याचा हिशेब मांडला होता. काही उष्णकटिबंधीय जातींत हा आकडा कित्येक लाखांवर जातो. तरीही पृथ्वी ऑर्किडांनी भरून जात नाही. निसर्गात हे बीज रुजण्यासाठी योग्य कवकाची, म्हणजे बुरशीची, गाठ पडावी लागते. कवकाचे तंतू भ्रूणात शिरतात आणि त्यांच्याकडून त्याला अन्न मिळते. फ्रेंच संशोधक नोएल बेर्नार यांनी 1899 मध्ये हे नाते उघड केले. पुढे 1922 मध्ये अमेरिकेतील लुईस नड्सन यांनी साखरयुक्त पोषक माध्यमावर कवकाविना बीजे रुजवून दाखविली आणि रोपवाटिकांचा मार्ग मोकळा झाला.

रानात मात्र असे साखरेचे माध्यम कोणी पुरवीत नाही. ज्या झाडाच्या सालीवर किंवा ज्या पालापाचोळ्यात ते कवक वाढते, ती जागा उजाड झाली, तर वाऱ्याने आणून टाकलेली लाखो बीजे निष्फळ ठरतात. आवरण बीजाला प्रवास घडविते. त्याला पोसणे मात्र त्या आवरणाच्या हाती नसते. म्हणूनच ऑर्किड वाचवायचे, तर केवळ रोपे जपून भागत नाही. त्यांचे रानही राखावे लागते.